फोटोशेजारी मजकूर लावताना: पहिल्यांदा स्मरणिका करणाऱ्यांसाठी

दिवाळी सरली की बेळगाव तालुक्यात संमेलनांचे दिवस सुरू होतात. उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी... ग्रंथदिंडी निघते, आणि बऱ्याच ठिकाणी त्या निमित्तानं स्मरणिकाही निघते. शिवाय पतसंस्थांचे रौप्यमहोत्सवी अंक आहेत, शाळांची वार्षिकं आहेत, तालीम मंडळांच्या पुस्तिका आहेत, खानापूर-निपाणीकडच्या कॉलेजांची नियतकालिकं आहेत. ही पानं लावतं कोण? बहुतेक वेळा गावातला कॉम्प्युटर येणारा एखादा मुलगा किंवा मुलगी, नाहीतर नुकतंच डीटीपी शिकून प्रेसमध्ये बसलेलं कोणी. लेख टाइप होऊन येतात, फोटो मोबाइलवर येतात, आणि समितीतले एखादे मामा खुर्चीमागं उभे राहून सांगतात, "फोटो थोरला घ्या की वो, मॅटर त्याच्या भोवतीनं फिरवा."

हे भोवतीनं फिरवणं, म्हणजे टेक्स्ट रॅप, दोन क्लिकचं काम आहे. पान बिघडतं ते त्याआधी न केलेल्या हिशेबामुळं. फोटो केवढा हवा हे सगळेच सांगतात. फोटो ठेवल्यावर शेजारी मजकुराला किती जागा उरते हे कोणी मोजत नाही. तेव्हा आधी त्या उरलेल्या जागेकडं बघू.

माउस नंतर, आधी पट्टी

पहिलं काम कागदावर करा. समजा स्मरणिका क्राऊन १/४ आकाराची आहे. कापून ती साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंच होते, म्हणजे १८४ बाय २४१ मि.मी. डावीउजवीकडं १७-१७ मि.मी. समास सोडला की मजकुराला १५० मि.मी. रुंदी मिळते. दोन कॉलम करून मध्ये ६ मि.मी. मोकळी ठेवली तर एक कॉलम ७२ मि.मी.चा झाला.

त्यात अध्यक्षांचा पासपोर्ट फोटो बसवून बघा. फोटो ३५ मि.मी. रुंद, त्याच्या आणि मजकुराच्या मध्ये ४ मि.मी. अंतर. ७२ मधून ३९ गेले, उरले ३३. तेरा पॉइंटच्या देवनागरीत एवढ्या जागेत जेमतेम तीन शब्द मावतात, तेही छोटे असले तर. आणि आपले शब्द काही छोटे नसतात. 'संमेलनाध्यक्षांच्या', 'कार्यकर्त्यांबरोबरच', 'विद्यार्थ्यांनीसुद्धा': प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मागं चिकटत जातात आणि शब्द लांबत जातो. ओळीच्या शेवटी संयोगरेषा टाकून शब्द तोडायची आपल्या छपाईत फारशी रीत नाही. मग लांब शब्द पुढच्या ओळीवर उडी मारतो, मागं दोनच शब्द उरतात, आणि मजकूर दोन्ही बाजूंनी जस्टिफाय असला तर ते दोघे ओळीच्या दोन टोकांना जाऊन उभे राहतात. अशा चार ओळी एकाखाली एक आल्या की फोटोशेजारी पांढरा ओघळ दिसायला लागतो.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये याहून वाईट होतं. शब्द उरलेल्या रुंदीपेक्षा लांब असला की सॉफ्टवेअर तो मिळेल तिथं तोडतं. या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी हा स्वतंत्र खिळा, म्हणजे सुटं चिन्ह, असतो आणि तो व्यंजनाच्या आधी टाइप होतो. त्यामुळं वेलांटी वरच्या ओळीच्या टोकाला लटकते आणि तिचं अक्षर खालच्या ओळीत जाऊन पडतं. प्रूफ वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून हे हमखास निसटतं, कारण तो शब्द ओळखीनं वाचतो.

माझा ठोकताळा असा: फोटोशेजारच्या ओळीत पाच-सहा शब्द बसलेच पाहिजेत. तेरा पॉइंटला ही रुंदी साठेक मि.मी. होते. त्याखाली जायचं नाही. बसत नसेल तर फोटो कॉलमभर रुंद करा आणि मजकूर त्याच्या वर-खाली ठेवा. यात काही कमीपणा नाही, रोजची वर्तमानपत्रं बहुतांश फोटो असेच लावतात. नाहीतर त्या लेखापुरते कॉलम मोडा. एकच १५० मि.मी.चा कॉलम असला तर ५० मि.मी.चा फोटो आणि ५ मि.मी. अंतर वजा जाऊन ९५ उरतात. हे छान वाचलं जातं.

दोन कॉलमांच्या मधोमध फोटो ठेवून दोन्हीकडचा मजकूर आत दाबायची हौस बऱ्याच जणांना असते. हिशेब करा. ५० मि.मी.चा फोटो मधली ६ मि.मी. भरून प्रत्येक कॉलममधून २२ खातो, अंतराचे ४ वेगळे. ७२ मधून ४६ राहिले. क्राऊनच्या पानावर हे जमत नाही. ए-४ पानाला २० मि.मी.चे समास असले तर कॉलम ८२ चा येतो, ५६ उरतात, तिथं एक वेळ चालवून घ्या. पण एकाच कॉलमच्या मधोमध फोटो ठेवून एकाच ओळीचे डावे-उजवे तुकडे करणं कधीच करू नका. वाचणाऱ्यानं फोटोवरून उडी मारून पलीकडं जायचं की इकडंच खालच्या ओळीवर उतरायचं, हे त्याला कळत नाही.

कविता, अभंग, ओव्या यांच्याशेजारी रॅप लावू नका. कवीनं जिथं ओळ तोडली ती तिथंच तुटली पाहिजे, आणि आपल्या स्मरणिकांत निम्मी पानं कवितांचीच असतात. पतसंस्थेचा ताळेबंद, देणगीदारांची यादी, कार्यक्रमपत्रिका यांनाही तोच नियम.

फोटोची उंची ओळींत मोजा

शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला, हे आपोआप करावं लागायचं. ब्लॉकशेजारी (फोटोच्या ठशाशेजारी) किती ओळी येणार हे आधी ठरवून तेवढ्या ओळी तो स्टिकचं, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीचं, माप आखूड करून जुळवायचा, मग माप पूर्ववत. आज ते काम सॉफ्टवेअर करतं, म्हणून मोजायची सवय गेली, आणि फोटोखाली अर्ध्या ओळीची रिकामी फट राहायला लागली.

अक्षर तेरा पॉइंट, लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) अठरा पॉइंट धरा. अठरा पॉइंट म्हणजे ६.३५ मि.मी. फोटोशेजारी दहा ओळी हव्या असतील तर फोटोची वरची कड पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला लावायची आणि खालची कड दहाव्या ओळीतल्या अक्षरांच्या पायाला. पहिल्या ते दहाव्या ओळीत नऊ लीडिंग येतात: ५७ मि.मी. त्यात एका अक्षराची शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची मिळवा, ती तेरा पॉइंटला साधारण तीनेक मि.मी. भरते. फोटो ६० मि.मी. उंच झाला. फॉन्टनुसार यात थोडा फरक पडेल, तेव्हा शेवटचा मिलिमीटर स्क्रीनवर मोठं करून जुळवा.

शिरोरेषाच का? देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार हे सगळं रेषेच्या वर, आणि उकार-ऋकार खाली लोंबतात. सॉफ्टवेअर या सगळ्या पसाऱ्यासकट ओळीची पेटी मोजतं. डोळा मात्र शिरोरेषेची सलग आडवी रेघच बघतो. फोटोची कड त्या रेघेच्या थोडी वर किंवा थोडी खाली राहिली तर फोटो तिरका लावल्यासारखा वाटतो, आणि का वाटतो ते सांगता येत नाही.

सीमाभागात आणखी एक गोष्ट येते. स्मरणिकेत एखादं कन्नड शुभेच्छापत्र, एखादी कन्नड जाहिरात, कधी पूर्ण कन्नड लेख असतो. कन्नड अक्षरांना अशी सलग शिरोरेषा नाही, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर मुख्य अक्षराच्या खाली लोंबतं. म्हणजे कन्नड मजकुराखाली फोटो आला तर त्या फोटोच्या वरच्या बाजूला मराठीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर ती लोंबणारी अक्षरं फोटोला टेकतात. मराठी पानाची मापं तशीच उचलून कन्नड पानाला लावू नका. कन्नड मजकूर नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप होऊन आला असेल तर तुमच्या मशीनवर तो फॉन्ट आहे का ते आधी बघा. फॉन्ट बदलला की ओळी बदलतात, आणि मग रॅपचा सगळा हिशेब नव्यानं करायचा.

चारही बाजूंना सारखं अंतर ठेवायचं नाही. मजकुराच्या बाजूला ४ ते ५ मि.मी.; जी बाजू समासाला टेकली आहे तिथं शून्य; वर शून्य ते १; खाली २. खाली याहून जास्त दिलंत तर सॉफ्टवेअर अकरावी ओळही आखूड करतं आणि फोटोखाली ओळभर पांढरं पडतं. नवख्यांच्या पानांवर सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच.

आता सॉफ्टवेअर

इनडिझाइनमध्ये पान लावत असाल तर सर्वांत आधी पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत जाऊन वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला आहे ना ते तपासा. तो नसेल तर युनिकोड मराठीतली जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसत नाहीत, आणि त्यापुढं रॅप करून काही उपयोग नाही. मग फोटो निवडा, कंट्रोल-ऑल्ट-डब्ल्यू दाबा, टेक्स्ट रॅपचं पॅनेल उघडतं. चौकोनी फोटोला बाउंडिंग बॉक्सचा पर्याय घ्या, वर सांगितलेली अंतरं भरा. चार आकड्यांच्या मध्ये साखळीचं चिन्ह असतं. ते आधी तोडा, नाहीतर एक आकडा बदलला की चारही बदलतात. कॉलमभर रुंद फोटोला जंप ऑब्जेक्ट घ्या, म्हणजे मजकूर फोटो ओलांडून थेट त्याच्या खाली उतरतो.

आता फोटोओळीचा घोळ. फोटोखाली छोटी चौकट काढून तुम्ही ओळ लिहिता, 'उद्घाटन करताना मान्यवर', आणि ओळ गायब होते, चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिक चिन्ह येतं. नवखा माणूस इथं अर्धा तास घालवतो, फॉन्ट बारीक करून बघतो, चौकट ओढून मोठी करतो. कारण साधं आहे. रॅप शेजारच्या लेखालाच ढकलतो असं नाही, त्याच्या हद्दीत येणाऱ्या प्रत्येक मजकुराला ढकलतो, फोटोओळीलासुद्धा. फोटोओळीची चौकट निवडा, कंट्रोल-बी दाबा, इग्नोअर टेक्स्ट रॅपवर खूण करा. ओळ परत येईल. मग फोटो आणि फोटोओळ यांचा ग्रुप करा आणि रॅप त्या पूर्ण ग्रुपला द्या. नाहीतर लेखाचा मजकूर फोटोला वळसा घालेल आणि फोटोओळीच्या अंगावर येऊन पडेल. उंचीचा हिशेब करताना फोटोओळ धरूनच करा: ६० मध्ये फोटो ५३ आणि ओळ ७, असं.

फोटो मजकुरात अँकर करणार असाल, म्हणजे मजकुराबरोबर सरकेल असा अडकवणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा की अँकर ज्या ओळीत आहे तिच्या वरच्या मजकुरावर त्या फोटोचा रॅप चालत नाही. फोटो परिच्छेदाच्या मध्ये हवा असेल तर अँकर त्याच्या आधी, वर कुठंतरी ठेवायचा. बारा-सोळा पानांच्या पुस्तिकेला अँकरची गरजही नसते. हातानं ठेवा.

कोरल ड्रॉमध्ये फोटोवर राइट क्लिक करून रॅप पॅराग्राफ टेक्स्ट निवडायचं. क्लिक करूनही मजकूर हलत नसेल तर तो आर्टिस्टिक टेक्स्ट आहे. मजकूर निवडून कंट्रोल-एफ८ दाबा, तो पॅराग्राफ टेक्स्ट होईल. इकडच्या बऱ्याच प्रेसमध्ये अजून कोरलवरच कामं होतात. जाहिराती आणि पत्रकांना ते ठीक, पण चाळीस पानांची स्मरणिका त्यात लावायला घेऊ नका.

पैसे न मोजता शिकायचं असेल तर स्क्रायबस घ्या, १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती. त्यात फोटोची चौकट मजकुराच्या चौकटीच्या वरच्या थरावर असली तरच मजकूर वळतो. पेजमेकरवर अजून काम करणारे भेटतील. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची आहे. त्यांच्याकडून पान लावायची नजर घ्या, सॉफ्टवेअर नको.

वर्डमध्ये फोटो टाकला की तो एका मोठ्या अक्षरासारखा ओळीत बसतो. फोटोशेजारी येणाऱ्या लेआउट ऑप्शनच्या चिन्हावर क्लिक करून स्क्वेअर निवडा, आणि फिक्स पोझिशन ऑन पेजवर खूण करा, म्हणजे वर चार शब्द वाढले तरी फोटो पळत नाही. आतल्या सेटिंगमध्ये चार बाजूंची अंतरं वेगवेगळी देता येतात. शाळेच्या दहा पानांच्या अंकाला वर्ड पुरतं.

आकाराभोवती रॅप

तालीम मंडळाची पुस्तिका आहे, शड्डू ठोकणारा पैलवान कापून घेतलाय, मागची माती आणि गर्दी काढून टाकली आहे, आणि मजकूर त्याच्या अंगाला घासून फिरवायचा आहे. जमलं तर पान देखणं होतं. पण सॉफ्टवेअरला 'कड ओळख' म्हटलं की ते अतिहुशारी करतं. पैलवानाची कोपर बाहेर आलेली असते, दंड आणि कंबर यांच्यामध्ये तिकोनी पोकळी असते. त्या पोकळीत सॉफ्टवेअर 'आणि' किंवा 'तो' असा एखादा सुटा शब्द नेऊन कोंबतं. बोटांच्या फटीत स्वल्पविराम जाऊन बसतो.

त्यासाठी रॅपची कड हातानं सोपी करायची. इनडिझाइनमध्ये डायरेक्ट सिलेक्शनच्या बाणानं, वर्डमध्ये एडिट रॅप पॉइंट्सनं, कडेवरचे ठिपके हलवता आणि पुसता येतात. डोक्यापासून कोपरापर्यंत एक सरळ रेघ, कोपरापासून गुडघ्यापर्यंत दुसरी, तिथून पायापर्यंत तिसरी. सात-आठ ठिपके पुरतात. रॅप एकाच बाजूला वाहू द्या. पलीकडच्या बाजूला मजकुराची चिंधोटी नको.

आणि असा आकार पानाच्या उजव्या अंगाला ठेवा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिराच्या, छतावरचं दगडी कमळ गोल कापून वापरायचं म्हणता, तर तेही उजवीकडं. आपण डावीकडून उजवीकडं वाचतो, दर ओळ संपली की नजर परत डाव्या कडेला येते. ती कड सरळ असली तर ओळ चटकन सापडते. गोल चित्र डावीकडं ठेवलं तर प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि नजर चाचपडते. उजवीकडं ठेवलं तर फक्त ओळींचे शेवट मागंपुढं होतात, त्यानं काही अडत नाही. गोलाई उठून दिसायला मजकूर जस्टिफाय हवा, आणि जस्टिफायला रुंद ओळ हवी. म्हणून हे खेळ एका रुंद कॉलमच्या पानावरच करा.

चौकोनी फोटोत माणसाचा चेहरा ज्या बाजूला वळलेला आहे त्या बाजूला मजकूर हवा. पाहुणे पानाबाहेर बघत असतील तर फोटो दुसऱ्या अंगाला न्या. उलटा फिरवू नका. सदऱ्याचा खिसा आणि मागच्या फलकावरची अक्षरं लगेच चुगली करतात.

फोटोच्या दर्जाचं थोडक्यात. ऑफसेटला छापील आकारात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, हवेत. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं आलेला फोटो लांब बाजूला बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास असतो, म्हणजे सव्वापाच इंचांपर्यंत धकतो. शेजारी मजकूर असलेल्या फोटोला तेवढं पुरतं, पूर्ण पानाला नाही. पाठवणाऱ्याला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. डोकी कापून आलेल्या ग्रुप फोटोवर मात्र कुठल्याच रॅपचा इलाज नाही.

प्रूफ आणि प्रेस

स्क्रीनवर सगळं छान दिसतं. पान शंभर टक्के आकारात छापून घ्या, 'फिट टू पेज' नको. मग पान उलटं धरा, डोकं खाली, पाय वर. शब्द वाचता येत नाहीत, त्यामुळं पांढरे ओघळ आणि फोटोखालच्या फटी उघड्या दिसतात. ओघळ दिसला तर तीन गोष्टी या क्रमानं करून बघा: फोटो तीन-चार मि.मी. अरुंद करा, लेखकाला विचारून एखादा शब्द बदला ('कार्यकर्त्यांच्याबरोबरीनं' ऐवजी 'कार्यकर्त्यांसह'), तेवढ्या ओळी डावीकडून सरळ, उजवीकडून मोकळ्या करा. अक्षरांमधलं अंतर ताणून जागा भरू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द खिळखिळा दिसतो.

मुद्रितशोधनात वरच्या परिच्छेदात एक शब्द वाढला तरी फोटोशेजारच्या सगळ्या ओळी हलतात. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर फोटो असलेली पानं पुन्हा बघायची, दुरुस्ती दुसऱ्याच पानावर असली तरी. समितीचे मामा छपाईच्या आदल्या दिवशी एखादं नाव घालायला सांगणारच, ते धरूनच वेळ काढा.

प्रेसला उघडी फाइल देऊ नका. त्यांच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसेल तर दुसरा बसतो आणि दहाच्या अकरा ओळी होतात. फॉन्ट एम्बेड केलेली (आतच बसवलेली) पीडीएफ द्या. तिच्यासोबत एक छापील प्रत द्या, आणि फोटो असलेल्या प्रत्येक पानावर शेवटच्या अरुंद ओळीखाली लाल पेनानं रेघ मारून ठेवा. प्लेट काढण्याआधी ती ओळ तिथंच संपते ना, एवढं बघितलं की पान हललेलं नाही हे तिथल्या माणसाला कळतं.